भीर, बीर, बीड : घरबसल्या जुनी पुस्तकं, नकाशे आणि वस्तू पाहायला निघालेल्यांसाठी

पहिल्या संध्याकाळी मी बीड शोधायला बसलो आणि तक्षशिलेला पोचलो. परदेशातल्या एका मोठ्या संग्रहालयाचा वस्तुसंग्रह कॉम्प्युटरवर उघडला होता. जुन्या इंग्रजी कागदांत आपल्या जिल्ह्याचं नाव बी-एच-आय-आर असं लिहीत, एवढं माहीत होतं, म्हणून तेच सर्चमध्ये टाकलं. पडदाभर नाणी, मणी, मातीची खेळणी आली. मी हरखलो. बीडला एवढं सापडलं आणि आम्हाला पत्ता नाही! नंतर खालची बारीक अक्षरं वाचली. तक्षशिलेच्या उत्खननातली 'भीर' नावाची टेकडी होती ती. मग एच काढून पाहिला, तर हिमाचलातलं बीर आणि बंगालातलं बीरभूम आलं. दोन ई घालून शेवटी आर ठेवला तेव्हा काय आलं ते सांगत नाही. मद्याच्या जुन्या बाटल्या जपणारी संग्रहालयं जगात पुष्कळ आहेत, एवढं कळलं. अंबाजोगाईसाठी नुसतं 'अंबा' टाकलं, तर इथिओपियातले सपाट माथ्याचे डोंगर समोर आले. तिकडे तसल्या डोंगराला अंबाच म्हणतात.

या विषयात शिरणाऱ्या प्रत्येकाची पहिली संध्याकाळ साधारण अशीच जाते, म्हणून ती आधीच सांगून टाकली. आपल्या भागाचं जगात काहीच नाही, असं समजून पुष्कळ जण इथूनच माघारी फिरतात. असतं पुष्कळ, फक्त ते दुसऱ्याच्या कपाटात, दुसऱ्याने लिहिलेल्या चिठ्ठीखाली असतं.

याचं कारण आपल्या इतिहासातच आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड हैदराबाद संस्थानात होतं. आष्टीच्या पलीकडे इंग्रजी मुलूख आणि अलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचा मुलूख, असं आमच्या आजोबांच्या पिढीचं भूगोलाचं ज्ञान होतं, आणि ते अगदी बरोबर होतं. इंग्रजी मुलखात असल्यामुळे शेजारच्या नगर जिल्ह्याला १८८४ मध्ये गॅझेटिअरचा एक सबंध, जाडजूड खंड मिळाला. त्यात पिकं, जाती, बाजार, देवळं, दुष्काळ, रस्ते सगळं आलं. मोगलाईतल्या बीडच्या वाट्याला भारताच्या मोठ्या गॅझेटिअरमधली आणि हैदराबादच्या खंडातली थोडी पानं आली. बीडचं स्वतंत्र गॅझेटिअर निघालं ते १९६९ मध्ये. म्हणजे नगरकडचं खर्डा आणि आपल्याकडची आष्टी ही जवळजवळची गावं, पण खर्ड्याबद्दल सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीचं बारीकसारीक छापलेलं मिळतं आणि आष्टीबद्दल चार ओळी. शिकणाऱ्याने हा असमतोल आधी ध्यानात घ्यावा. कागद कमी आहेत याचा अर्थ घडलं कमी असा होत नाही.

त्यात नावांचा घोळ. अंबाजोगाई हे निजामी अमलात मोमिनाबाद होतं. तिथे हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती, म्हणून लष्करी कागदांत मोमिनाबादचे उल्लेख बरेच सापडतात. जेम्स बर्जेस या पुरातत्त्वज्ञाने १८७५-७६ च्या हंगामात बिदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतल्या प्राचीन अवशेषांची पाहणी केली आणि १८७८ मध्ये तिचा अहवाल छापला. आपण ज्याला हत्तीखाना म्हणतो त्या लेण्यांसाठी असले अहवाल चाळताना 'अंबाजोगाई' या नावावर अडून बसू नये. आंबे, जोगाईचं आंबे, मोमिनाबाद, सगळी नावं फिरवून पाहावीत. मी एका वहीत प्रत्येक गावासमोर त्याची जुनी स्पेलिंगं लिहून ठेवली आहेत. ती वही माझ्या कामातली सगळ्यात उपयोगी वस्तू आहे, आणि ती मला कुठल्याही संस्थळावर मिळाली नाही.

पूर्वी हा शोध म्हणजे प्रवास असे. परळीहून गाडी पकडून हैदराबाद गाठायचं, दप्तरखान्यात परवानगीचा अर्ज द्यायचा, फारसी-उर्दू वाचणारा कोणी गाठायचा आणि हाती एक रुमाल पडला की त्यातली पानं उलटत बसायचं. (रुमाल म्हणजे हातरुमाल नव्हे, कागदांची कापडात बांधलेली गाठोडी. दप्तरातली मंडळी अजून तोच शब्द वापरतात.) पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ त्यातल्या त्यात जवळ. लंडन, पॅरिस ही नुसती ऐकायची नावं. आज त्याच लंडन-पॅरिसच्या कपाटांतलं बरंच काही घरबसल्या दिसतं. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात ते मोठं गॅझेटिअर आहे, आणि जोसेफ श्वार्ट्झबर्ग यांनी १९७८ मध्ये काढलेला दक्षिण आशियाचा ऐतिहासिक नकाशासंग्रहही आहे. एकेकाळी हा ग्रंथ उचलायलाच दोन माणसं लागतील असं वाटायचं. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'गॅलिका' १९९७ पासून चालू आहे. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड रम्झी यांच्या नकाशासंग्रहात लाखावर नकाशे पाहायला मिळतात. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१५ मध्ये दख्खनच्या सुलतानांवर मोठं प्रदर्शन भरवलं. त्याचा सबंध ग्रंथ त्यांनी फुकट वाचायला ठेवला आहे. आपला मुलूख अहमदनगरच्या ज्या निजामशाहीत होता तिची रंगसंगती, तिचे घोडे, तिच्या पगड्या त्यातून कळतात.

इथे एक भेद आताच करून ठेवतो. ऑनलाइन प्रदर्शन वेगळं आणि ऑनलाइन साठा वेगळा. मोंढ्यावर व्यापारी मूठभर ज्वारी तळहातावर घेऊन दाखवतो, ती वानगी. आत थप्पीला पोती लागलेली असतात, तो साठा. प्रदर्शन म्हणजे वानगी. कोणा जाणकाराने शंभर वस्तूंतून बारा निवडल्या, त्यांचा क्रम लावला, खाली चार ओळी लिहिल्या. नवख्या माणसाने तिथूनच सुरुवात करावी, कारण साठ्यात एकदम उतरलं की गुदमरायला होतं. पण वानगीवरून माल ठरवू नये, हे मोंढ्यावर ज्याला कळतं त्याला इथेही कळावं. प्रदर्शनातल्या वस्तूखाली दाखल क्रमांक दिलेला असतो. तो उतरवून घ्यावा आणि त्याच संस्थेच्या साठ्यात जाऊन आजूबाजूचे क्रमांक उघडावेत. एकाच वेळी आलेल्या वस्तू बहुधा लागोपाठच्या क्रमांकांवर नोंदलेल्या असतात. निवडणाऱ्याने बाजूला ठेवलेलं आपल्या कामाचं निघणं, हे मला तरी पुष्कळदा घडलेलं आहे.

नकाशांवर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण मला त्यांचा नाद आहे. अठराव्या शतकात युरोपात हिंदुस्थानचे जे नकाशे छापले गेले ते काढणारे इथे क्वचितच फिरले होते. पॅरिसचा दांव्हील १७५२ मध्ये आपल्या देशाचा नामांकित नकाशा काढतो, पण तो पॅरिसबाहेर फारसा गेलेलाच नव्हता. जेम्स रेनेल हा बंगालचा सर्वेक्षक. त्याने दख्खनचा भाग भरला तो फौजांच्या कूचांच्या टिपणांवरून: आज किती कोस चाललो, डावीकडे कुठली नदी लागली, मुक्काम कुठल्या गावी पडला. म्हणून या नकाशांत फौजेच्या वाटेवरची गावं दाट दिसतात आणि वाट सोडली की कोरा कागद. तो कोरेपणा पाहायला शिका. तिथे माणसं राहत होती, नांगर चालत होते. फक्त त्या बाजूने तोफा गेल्या नव्हत्या. १० ऑगस्ट १७६३ रोजी गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. असल्या लढाईने एखाद्या गावाचं नाव दूरच्या कागदांवर चढतं. शेजारचं गाव, ज्याने दोन्ही फौजांना कडबा पुरवला असेल, ते चढत नाही.

याच्या उलट टोकाचा नकाशा अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात आहे. अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकापासून भारताचे अडीच लाखास एक या प्रमाणाचे नकाशे छापले. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अडीच किलोमीटर. आपल्या भागाचं पान उतरवून घ्या आणि सिंदफणा शोधा. पाटोद्याकडच्या डोंगरातून निघालेली बारीक निळी रेघ मंजरथला गोदावरीला मिळताना दिसेल. आता मोबाइलवर उपग्रहाचं आजचं चित्र उघडून शेजारी धरा. माजलगावजवळ ती रेघ फुगून भलं मोठं निळं पाणी झालेली आहे. धरण १९८० च्या दशकात झालं. पाण्याखाली गेलेल्या शिवारातल्या वाटा, ओढे, गावठाणांचे ठिपके त्या जुन्या पानावर आहेत. एका विद्यार्थ्याच्या आजीला मी ते पान दाखवलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण नदीचं वळण बघून त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हितं आमचा मळा. ह्या वळणाला डोह व्हता." नकाशावर डोह नव्हता, वळण होतं. लष्कराने परक्या मुलखाची नोंद म्हणून छापलेलं ते पान त्या दिवशी एका घराचा सातबारा झालं.

जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवण्याची सोयही आता आहे. दोन्हींवर तीच देवळं, तेच संगम, तेच किल्ले खुणावत गेलं की कॉम्प्युटर जुना कागद ताणून नव्यावर बसवतो. खुणा निवडताना एक चूक सगळे करतात : गावाच्या नावाच्या अक्षरांवर खूण ठेवतात. नाव जागा असेल तिथे छापलेलं असतं. गाव त्या बारीक ठिपक्यात असतं. धारूरचा किल्ला, परळीचं वैजनाथ मंदिर, नदीचे संगम या खुणा भरवशाच्या.

आता कागदावरून कापडाकडे येऊ. अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत (१५५१ ते १६१५) यांनी पंचीकरण हा वेदान्ताचा विषय पासोडीवर, म्हणजे जाड सुती कापडावर, लिहिला. सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद. ही पासोडी अंबाजोगाईत त्यांच्या घराण्याच्या देवघरात पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली. मराठीत एवढ्या आकाराची दुसरी हस्तलिखित वस्तू मला ठाऊक नाही. ती पडद्यावर आणायची झाली तर काय होईल, याचा हिशेब मी एकदा पाठकोऱ्या कागदावर मांडला. लॅपटॉपचा पडदा फूटभर रुंद. त्यात सबंध पासोडी बसवली तर प्रत्येक अक्षर चाळीस पटींनी लहान होणार. सेंटिमीटरभर उंचीचं अक्षर पाव मिलिमीटरचं. दिसेल ती एक मळकट पट्टी. उलट अक्षर वाचता यावं म्हणून इंचाला ३०० ठिपके घेऊन छायाचित्र काढलं, तर लांबीला १,४४,००० आणि रुंदीला १४,४०० ठिपके, म्हणजे एकूण दोन अब्ज सात कोटींच्या वर. एवढं चित्र एका दमात कुठलाच मोबाइल उघडणार नाही.

यावर जगभरच्या ग्रंथालयांनी काढलेला तोडगा आपल्या घरातल्या बायकांना फार आधीपासून येतो : वाकळ. चित्राचे लहान लहान चौकोनी तुकडे करून ठेवायचे. २५६ ठिपक्यांचा चौकोन धरला तर पासोडीचे बत्तीस हजारांवर तुकडे होतील. तुम्ही जिथे बोटाने चित्र मोठं करता तिथलेच दहावीस तुकडे मागवले जातात आणि शिवल्यासारखे एकाला एक जोडून दिसतात. इंटरनेटचा वेग कमी असला की आधी धूसर ठिगळं येतात आणि मग एकेक स्वच्छ होत जातं, ते यामुळे. ही रीत सगळ्यांनी सारखी पाळावी म्हणून स्टॅनफर्ड, ब्रिटिश लायब्ररी वगैरे मोठ्या संस्थांनी २०११ च्या सुमारास एक सामाईक पद्धत ठरवली. तिचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. जाणकार तिला 'ट्रिपल आय एफ' म्हणतात. तिचा मोठा फायदा असा की पोथीचं एक पान एका देशात आणि दुसरं दुसऱ्या देशात असलं, तरी वाचणाऱ्याला ती एकाच खिडकीत शेजारीशेजारी लावता येतात.

पण पासोडीचं एक अंग कुठलीही वाकळ दाखवणार नाही. ४० फूट कापड वाचायचं तर माणसाला चालावं लागतं, किंवा कोणाला तरी ते गुंडाळत न्यावं लागतं. लिहिणारा कसा बसला असेल, शाई वाळेपर्यंत लिहिलेला भाग कुठे पसरला असेल, चूक झाली तर कापडावर खोडलं कसं असेल, हे प्रश्न वस्तूशेजारी उभं राहिल्यावरच सुचतात. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी उलटा क्रम सांगतो. आधी अंबाजोगाईला जा, मग पडद्यावर परदेशातल्या पोथ्या पाहा. एकदा खरी वस्तू डोळ्यांत बसली की चित्रातून काय गळलंय ते आपोआप कळतं.

पुस्तकांचं थोडक्यात. भारतीय डिजिटल ग्रंथालय या सरकारी प्रकल्पात हजारो जुनी मराठी पुस्तकं स्कॅन झाली आणि त्यांतली पुष्कळशी आता 'इंटरनेट आर्काइव्ह'वर आहेत. ते काम घाईचं झालं आहे. नावं वाटेल तशी रोमन अक्षरांत घातलेली, पानं गाळलेली, कुठे पान धरणाऱ्याचा अंगठाच ओवीवर. सगळ्यात मोठं नुकसान घडीच्या नकाशांचं. जुन्या अहवालांत मोठे नकाशे घडी घालून शिवलेले असतात आणि स्कॅन करणाऱ्याने ती घडी उघडलेलीच नसते. एका अहवालातला असा घडी घातलेला नकाशा बघून मी हळहळलो होतो. दोन वर्षांनी त्याच अहवालाची दुसऱ्या ग्रंथालयातली प्रत मिळाली, तिच्यात तो पूर्ण उलगडलेला होता. तेव्हापासून एका प्रतीवर भागवायचं नाही असं ठरवलं आहे.

दोन प्रती ताडून पाहण्याचं महत्त्व मराठीच्या अभ्यासकाला वेगळं सांगायला नको. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' हा जुना मराठी ग्रंथ परंपरेने शके १११०, म्हणजे ११८८ चा मानतात. त्यांची समाधी अंबाजोगाईला दाखवतात, तर दुसरा पक्ष त्यांना वैनगंगेकाठच्या अंभोऱ्याला नेतो. हा वाद गावाच्या आणि नदीच्या नावाभोवती फिरतो. इथे वाण नदी, तिथे वैनगंगा, आणि मधे हस्तलिखितांतले पाठभेद. मी अंबाजोगाईच्या बाजूचा आहे हे कबूल करतो. बीडच्या माणसाकडून दुसरी अपेक्षा कोणी करू नये. पण छापील आवृत्त्या आणि पोथ्यांची पानं समोरासमोर ठेवता आली, तर निदान भांडण तरी नेमक्या अक्षरावर होईल.

आता पोथीकडून ताम्रपटाकडे. माजलगाव तालुक्यातल्या पुरुषोत्तमपुरीला यादव राजा रामचंद्राचा शके १२३२, म्हणजे १३१० चा ताम्रपट सापडला. वा. वि. मिराशी यांनी तो 'एपिग्राफिया इंडिका'च्या पंचविसाव्या खंडात संपादून छापला, आणि ते खंड आता कोणालाही उघडता येतात. देवगिरीचं राज्य मोडकळीला आलं होतं त्या वेळचा हा दानाचा लेख. पुरुषोत्तमपुरीचं देऊळ पाहून आलेल्या नवव्या इयत्तेतल्या मुलीने घरी तो लेख उघडून त्यातली गावांची नावं वाचावीत, हे आज अगदी शक्य आहे. संस्कृत येत नसलं तरी नावं कळतात.

सावधगिरीच्या दोन गोष्टी. वस्तूखालची चिठ्ठी हा पुरावा नसतो, ते कोणाचं तरी मत असतं. 'दख्खन, सतरावं शतक' एवढंच लिहिलेलं असलं तर समजावं की लिहिणाऱ्यालाही जास्त ठाऊक नाही. वस्तू कोणाकडून, कोणत्या साली आली हे त्याच पानावर कुठेतरी खाली लिहिलेलं असतं. ते आधी वाचावं. दुसरं असं, की पडद्यावरचं सगळं कायम राहतं हा भ्रम आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबरहल्ला झाला आणि तिची सूची, डिजिटल हस्तलिखितं कित्येक महिने कोणालाच पाहता येईनात. पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जानेवारी २००४ मध्ये झालेला हल्ला आपल्याला आठवतो; तिथे कपाटं फोडली गेली, लंडनला संगणक. म्हणून कामाचं पान सापडलं की ते उतरवून घ्या, आणि वहीत संस्था, दाखल क्रमांक आणि पाहिल्याची तारीख लिहा. नुसती लिंक जपून ठेवणाऱ्यांची मी खूप रडारड ऐकली आहे.

आता या सगळ्या प्रदर्शनांत काय नाही, तेही पाहू. राजे आहेत, पोथ्या आहेत, तलवारी तर किती! दर दिवाळीनंतर या जिल्ह्यातून ऊसतोडीला जी माणसं जातात त्यांचं काय आहे? तोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाकडून घेतलेल्या पैशाला 'उचल' म्हणतात. ती उचल कोणी किती घेतली, किती फेडली, याच्या वह्या गावोगाव आहेत. घामाचे डाग पडलेल्या, निळ्या शाईच्या, मागच्या पानावर मुलांची बेरीज-वजाबाकी केलेल्या. पन्नास वर्षांनी या जिल्ह्याचा इतिहास लिहिणाऱ्याला त्यांच्याइतकं मोलाचं काही मिळणार नाही, आणि त्या रद्दीत चालल्या आहेत. कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, बसून मोबाइलवर पॅरिसचा नकाशासंग्रह उघडता येतो, पण त्या कोपीची नोंद कुठल्याच संग्रहात सापडत नाही.

तेव्हा पाहता पाहता थोडं आपलंही नोंदवायला लागा. घरात पोथी, बाड, उचलीची वही, जुना दस्त, मोडीतली पत्रं, काहीही असो. खिडकीशी सावलीतल्या उजेडात ठेवा, फ्लॅश बंद करा. शेजारी शाळेतली मोजपट्टी ठेवा, म्हणजे आकार कळेल. चिकटलेली पानं ओढून सुटी करू नका. कोरी पानंही सोडू नका. समासात कोणी काय लिहिलंय ते नंतर मोठं करून पाहिल्यावरच दिसतं. आणि ज्या फडक्यात ते बांधलेलं होतं त्याचाही एक फोटो घ्या. आमच्याकडच्या एका फडक्याच्या कोपऱ्यात पणजीने लाल दोऱ्याने गावाचं नाव घातलेलं आहे. त्याचं स्पेलिंग मला अजून कुठल्याच सूचीत सापडलेलं नाही.